पायरी पाचवी: डाव्या टाचेच्या दोन लाथा

सन एकोणीसशे एक्याण्णव. आश्विन महिना, नवरात्राची तिसरी माळ. पाऊस सरला होता, हळवं भात पिवळं पडलं होतं, आणि उमरोळीहून तारापूरच्या कारखान्यापर्यंत सायकल मारली की सदरा पाठीला चिकटत होता. दिवस मला पक्का आठवतो. कारण त्या दिवसापासून पुढच्या सात दिवसांत मी जो शहाणपणा केला, तसा पुन्हा आयुष्यात केला नाही. देवाने करू दिला नाही.

विचारताच आहात तर सांगतो. चहा गार करू नका. आणि मध्येच हसायचं नाही. हसायची जागा आली की मी सांगेन.

मी चौथी शिकलो. वाचता येतं, पण बैलगाडीच्या वेगाने. हाताचं काम मात्र असं, की कुणी बोट दाखवावं अशी जागा नाही. आमचा कारखाना लहान. एक शेड, तीन प्रेस, तीस माणसं, एक शेठ. रबराच्या वायसर बनवायचो. प्रेस म्हणजे काय, तर दोन तापलेल्या लोखंडी प्लेटा. मध्ये साचा, साच्यात कच्चं रबर. हँडल ओढलं की खालची प्लेट वर येते, रबर दाबलं जातं, सात मिनिटांनी वायसर तयार. पातळ वायसर कुणीही काढतो. माकडाला शिकवलं तर माकडही काढेल.

पण तीन नंबरच्या प्रेसवर गट्टू निघायचे. गट्टू म्हणजे विटेएवढा जाड रबराचा ठोकळा. मोठ्या यंत्राखाली ठेवतात, यंत्र हादरू नये म्हणून. गट्टू कुणालाही जमत नव्हता. वरून गुळगुळीत दिसायचा, पण सुरीने कापला की आत फुगेच फुगे. जाळीदार घावनासारखा. बिनफुग्याचा, आतून घट्ट गट्टू साऱ्या कारखान्यात एकच माणूस काढायचा.

तो मी.

गुपित सांगतो. आता काय, सगळ्या जगाला ठाऊक आहे. रबर दाबलं की आत हवा अडकते. मग काय करायचं? दाबल्यावर लगेच हँडल बोटभर सोडायचं. फुस्! हवा बाहेर. परत दाबायचं, परत बोटभर सोडायचं. फुस्! झालं. एवढंच. एकदा माझा हात हँडलवरून घसरला तेव्हा हे मला सापडलं. मला काम शिकवणाऱ्या उस्तादाने सांगितलं नव्हतं. तेव्हा रीतच तशी होती. उस्ताद सगळं शिकवायचा आणि एक गोष्ट पोटात ठेवायचा. मग मी का सांगू?

पण ते 'फुस्' ऐकू यायचं ना! आजूबाजूला माणसं. कुणीतरी कान देणारच. म्हणून मी एक युक्ती काढली. हँडल सोडताना प्रेसच्या पुढच्या पत्र्यावर डाव्या टाचेने सणसणीत लाथ मारायची. धाड्! त्या आवाजात फुस् बुडून जायचं. धाड्, धाड्. दोन लाथा, दोन फुस्. बघणाऱ्याला लाथ दिसायची, हात दिसायचा नाही.

अकरा वर्षं सगळ्यांचा समज एकच, की मामांच्या, म्हणजे माझ्या, लाथेने गट्टू घट्ट होतो. दोन नंबर प्रेसवरचा यादव तर नव्या माणसाला सांगायचा, "मामा की लात में जादू है, भाई. हमने भी मारी. हमारा अंगूठा सूज गया, गट्टू वैसा का वैसा." मी ऐकायचो आणि गंभीर तोंड करून म्हणायचो, "लाथेलाथेत फरक असतो."

तर तिसऱ्या माळेला शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. शेठ बलसाडकडचे, माणूस सरळ, पण घाबरट.

"मामा, पुण्याची मोठी पार्टी आली छे. वर्षभर गट्टू घेणार. पण त्यांची एक अट आहे."

"बोला."

"म्हणतात, तुमच्याकडे गट्टूवाला एकच माणूस. उद्या तो आजारी पडला तर आम्ही काय करायचं? दुसरा माणूस शिकवून तयार पाहिजे. आणि काम कागदावर लिहिलेलं पाहिजे. खंडेनवमीला त्यांचा साहेब तपासायला येणार."

"मी आजारी पडत नाही."

"अरे मामा, समजा ना जरा!"

मी समजलो. दुसऱ्याला गट्टू आला की माझी गरज संपली, हे मी समजलो. तोंडाने म्हणालो, "शिकवतो. कोण आहे?"

तो माणूस म्हणजे जानकी.

जानकी मनोरच्या बाजूच्या एका पाड्यावरची. तिशीच्या आसपास वय. चार महिने झाले होते, वायसरांची कड कापायची. हात चपळ, बोलणं कमी. मला अशी माणसं आवडतात, पण ते मी तिला सांगायला गेलो नाही. शेठनी तिला सांगितलं होतं, की साहेबाने पास केलं तर कायम करीन. नाही केलं तर दिवाळीनंतर काम नाही, कारण नुसती कड कापायला तेवढी माणसं नकोत.

पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "मामा, मला ह्ये शिकायचंच हाय. भट्टीचा मुकादम दोनदा येऊन गेला. इथं जमलं नाय तर दिवाळी झाली की आमी समदी ईटभट्टीवर. पोरीला शाळंत घातलीय. मागल्या साली भट्टीवर नेली, ती परत पयलीत बसली. आता परत नेली तर तिसऱ्यांदा पयली."

मी म्हणालो, "बघ आणि शीक."

आणि काय शिकवलं? लाथ!

हो. सगळं नीट शिकवलं. रबर किती कापायचं, साचा कसा पुसायचा, प्लेट तापली का ते पाण्याचा थेंब टाकून कसं बघायचं. आणि शेवटी डाव्या टाचेच्या दोन लाथा. हात माझा खाली, अंगाच्या आड. तिला काही दिसलं नाही.

तिने लाथ मारली आणि लगेच वाकून प्रेसला हात लावला, तो कपाळाला लावला. कशाला पाय लागला की आपण करतो तसं. सवयच ती.

हे सगळं केतनभाई बघत होता. केतनभाई म्हणजे शेठचा भाचा. मुंबईला रबराचं शिकून नुकताच आलेला. हातात वही, गळ्यात आवाज करणारं घड्याळ. काम कागदावर लिहायचं काम त्याचं. पोरगा नम्र होता. तो नम्र नसता तर पुढचं काही घडलं नसतं.

"मामा, ही लाथ जमिनीपासून किती उंचीवर?"

"पडते तिथे."

त्याने टेप लावली. "नऊ इंच." लिहिलं.

"किती जोरात?"

"शेजाऱ्याचं कुत्रं ओट्यावर चढलं तर हाकलतो, त्याहून थोडी जास्त."

त्याने थोडा विचार केला आणि लिहिलं, 'मध्यम'.

"दोनच का? तीन मारल्या तर?"

"रबर जळतं."

बघा आता! काय गरज होती? पण तोंडातून निघून गेलं. त्याने तेही लिहिलं, खाली रेघ मारून.

"उजव्या पायाने चालेल?"

मी त्याच्याकडे असं बघितलं, की तो खाली बघायला लागला. "उजव्या पायाने गट्टू काढलेला तुम्ही कधी ऐकलाय?"

"नाही, मामा."

"मग?"

'फक्त डावा पाय,' त्याने लिहिलं.

चार दिवसांत चार्ट छापून आला. काचेच्या चौकटीत. पायरी पाचवी: डाव्या टाचेने नऊ इंच उंचीवर मध्यम जोराच्या दोन लाथा माराव्यात. पायरी सहावी: यंत्रास नमस्कार करावा. ती सहावी जानकीची. केतनभाईने बघितलं, म्हणून लिहिलं. त्याचं म्हणणं, घडतं ते सगळं लिहायचं, आपल्या मनाने काही गाळायचं नाही.

खाली सहीची जागा. 'पद्धत शिकवणारा' म्हणून मी सही केली. सगळं वाचलं नाही. चारचौघांत अक्षरं जुळवत बसणं मला आवडत नाही. पाचवी पायरी तेवढी वाचली. छापलेली बघून, खोटं कशाला बोलू, छाती थोडी फुगली.

मग गोष्ट माझ्या हाताबाहेर गेली.

केतनभाईने पेंटर बोलावला आणि तीन नंबरच्या पत्र्यावर पांढरा गोल काढून घेतला. गोलात डावं पाऊल. वर लिहिलं, 'लाथ येथे'. शेठनी ते बघितलं आणि म्हणाले, लाथेने एवढा फायदा होतो तर एक आणि दोन नंबरला का नको? नुकसान तर नाही ना? झालं! तीनही प्रेसवर गोल. तीनही प्रेसवर लाथा. पातळ वायसरला सुद्धा! सकाळी आठपासून धाड्धाड्, धाड्धाड्. शेजारच्या कारखान्याचा वॉचमन विचारायला आला, "तुमच्यात टाकी फुटली काय?"

यादव लंगडत होता. दोन नंबरचा पत्रा आत गेला होता. आणि प्रत्येक जण लाथ मारून प्रेसच्या पाया पडत होता, कारण सहावी पायरी.

मला आतून मजा वाटत होती. कुणाला गट्टू येत नव्हता ना!

आणि जानकीला तर येतच नव्हता. सकाळी कापला, फुगे. दुपारी कापला, फुगे. केतनभाई तिच्या कार्डावर लाल फुली मारायचा. कार्ड सगळं लाल झालं. संध्याकाळी हात धुताना ती मला विचारायची, "मामा, माजी लाथ कमी पडते काय?"

"सराव कर."

"घरी बी करते."

"आणखी कर."

हे मी बोललो. आज तुमच्यासमोर चहा पीत सांगतोय म्हणून हलकं वाटतं. त्या वेळीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तिच्या कार्डाकडे बघणं मी टाळत होतो. पण सांगायचं कसं? चार्टवर माझी सही, काचेत. लाथ खोटी म्हटलं तर अकरा वर्षं मी काय करत होतो? मनाशी ठरवलं, साहेब येईल तेव्हा माझा गट्टू चांगला निघेलच. तेवढ्यावर काम मिळेल. जानकीचं शेठ बघतील. कोण कसं बघणार, याचा विचार केला नाही.

खंडेनवमी आली. तुम्हाला ठाऊक आहे, त्या दिवशी यंत्रांची पूजा. प्रेस धुऊन पुसून चकचकीत, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. शेठनी स्वतः तीन नंबरवर कुंकवाने स्वस्तिक काढलं. बरोबर 'लाथ येथे'च्या वर. आणि मग गोलाकडे बघत उभे राहिले.

"मामा, आज... आज पण मारायची?"

"चार्टमध्ये खंडेनवमीची सूट आहे का?"

केतनभाईने वही चाळली. "नाही, मामा."

"मग?"

अकरा वाजता पुण्याचे साहेब आले. बारीक अंगाचे, चष्मा, स्वतःची सुरी स्वतःच्या पिशवीत. आधी माळा बघितल्या, मग स्वस्तिक, मग गोल. चष्मा पुसला. परत वाचलं.

"हे काय आहे?"

"पद्धत आहे, सर," केतनभाई म्हणाला.

साहेब चार्टसमोर उभे राहिले. पाचव्या पायरीवर फार वेळ उभे राहिले. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "ठीक. आधी बाई, मग हे गृहस्थ. दोघांनी चार्टप्रमाणे करायचं. कमी नाही, जास्त नाही. दोघांचे गट्टू मी कापणार."

जानकी पुढे झाली. पदर खोचला. रबर भरलं, दाबलं, आणि काय सांगू तुम्हाला, अशा दोन लाथा हाणल्या की नारळ खाली पडला. माळ तुटली. शेठ डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. जानकीने नमस्कार केला आणि बाजूला उभी राहिली.

सात मिनिटं. गट्टू काढला, गार केला. साहेबांनी सुरी घातली.

फुगे.

जानकी खाली बघत राहिली. पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होती.

"आता तुम्ही," साहेब मला म्हणाले आणि एक स्टूल ओढून डाव्या बाजूला बसले. बरोबर हँडलच्या बाजूला!

मी रबर भरलं. दाबलं. डावा पाय मागे घेतला, हात खाली सरकवला.

"थांबा. हात कुठे चाललाय?"

"कुठे नाही."

"चार्टमध्ये इथे हात नाही. हात वर घ्या. चार्टप्रमाणे करा."

हात वर घेतला. तुम्ही कधी हात वर करून यंत्राला लाथा घातल्या आहेत का? पन्नाशीच्या माणसाने? तीस माणसांसमोर, नवमीच्या दिवशी? मी घातल्या. दोन. मग सहाव्या पायरीप्रमाणे वाकलो.

ती सात मिनिटं कशी गेली, ते माझं मला माहीत. आत काय चाललंय हे कळत होतं. अडकलेली हवा जणू माझ्याच छातीत होती.

साहेबांनी कापला. फुगे. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या गट्टूत फुगे.

मागून यादव हळूच म्हणाला, "मामा, आज लात में नमक कम पड़ गया क्या?"

शेठ स्टुलावर बसले. साहेबांनी सुरी पुसली, पिशवीत ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे दोघांनाही येत नाही."

दोघांनाही येत नाही! मला! गट्टू! कानशिलं तापली.

तेवढ्यात जानकी पुढे आली. "साहेब, मामांना येतं. खरंच येतं. मी धा दिस... धा नाय, सात दिस चुकीच्या लाथा मारून ह्यो पत्रा वाकवला. त्यानं त्यांचा बिघडला. त्यांच्या गट्टूत कधी फुगा नसतो. मला नापास करा, पर मामांना नका करू."

ती असं बोलली. जिची पोर तिसऱ्यांदा पहिलीत बसणार होती, ती.

साहेब उठले होते. मी आडवा झालो.

"साहेब, एक गट्टू आणखी. सात मिनिटं बसा."

"चार्टप्रमाणे?"

"चार्ट काढा. खोटा आहे."

केतनभाई म्हणाला, "मामा, तुमची सही आहे त्याच्यावर."

"सही खरी आहे. चार्ट खोटा आहे."

मी जानकीला हाक मारली. "ये. इथे बस, खाली. लाथ नाही मारायची. हँडल धर. माझा नाही, तुझा हात. भर रबर. दाब. दाबलंस? आता सोड."

"समदं?"

"बोटभर. सोड म्हटलं ना!"

तिने सोडलं. सगळा कारखाना गप्प होता, त्यामुळे अगदी स्वच्छ ऐकू आलं. फुस्.

जानकीने माझ्याकडे बघितलं. मी प्रेसकडे बघितलं.

"दाब परत. सोड. बोटभर."

फुस्.

"दाब. आता सात मिनिटं हात लावू नको."

त्या सात मिनिटांत जानकीने एकच वाक्य म्हटलं, तेही पुटपुटत. "म्हंजी लाथ कशाला व्हती?"

"आवाजाला," मी म्हणालो.

गट्टू निघाला. साहेबांनी सुरी परत काढली. मधोमध कापला, मग आडवा कापला. आत घट्ट. एक फुगा नाही. कलिंगडाची फोड दाखवावी तसे दोन्ही तुकडे साहेबांनी सगळ्यांना दाखवले.

शेठ उभे राहिले. मी सगळ्यांच्या समोर सांगितलं. हात घसरला त्या दिवसापासून सगळं. लाथ का, ते. रबर जळतं हे खोटं, तेही. शेवटी म्हणालो, "हे माझं अकरा वर्षांचं गुपित. आजपासून तुमचं."

मला वाटलं, आता सगळे थक्क होतील.

साहेब चष्म्यातून माझ्याकडे बघत म्हणाले, "अहो मामा, जाड रबर दाबताना हवा काढायची, हे रबराच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या धड्यात असतं." आणि केतनभाईकडे वळले. "तुम्हाला शिकवलं नाही?"

केतनभाई लाल झाला. "शिकवलं, सर. परीक्षेत आलं होतं. मी लिहिलंही होतं."

"मग?"

"पण मामा इतक्या ठामपणे म्हणाले... मला वाटलं, पुस्तकात चुकलं असेल."

हसायची जागा सांगतो म्हटलं होतं. ही ती. हसा.

तीसच्या तीस माणसं हसली. शेठ हसले. यादव एका पायावर उभा राहून हसला, कारण दुसरा सुजला होता. अकरा वर्षं जे मी पोटाशी धरून बसलो, ते वीस-बावीस वर्षांच्या पोराने परीक्षेत लिहून टाकलं होतं! नुसतं एकदा विचारलं असतं त्याने, की मामा, हवा कुठून जाते? पण मी कुणाला विचारू दिलं का?

साहेबांनी दोन कार्डं मागितली, जानकीचं आणि माझ्या नावाचं एक कोरं. जानकीच्या लाल फुल्यांखाली लिहिलं, 'उत्तीर्ण'. सही केली. माझ्या कार्डावर जरा जास्त वेळ लिहिलं आणि कार्ड माझ्या हातात दिलं. सगळे बघत होते. या खेपेला मी ते पूर्ण वाचलं. मोठ्याने, अक्षर जुळवत.

'का-म ये-ते. शि-क-व-ता ये-त ना-ही. पु-न्हा त-पा-सा-वे.'

पुण्याचं काम मिळालं. जानकीला कायम झाल्याचं पत्र मिळालं. प्रेसवरचे गोल पेंटरने पुसले. आणि मला शेठनी तीन शनिवार बोईसरला एका वर्गात पाठवलं, 'शिकवायचं कसं' ते शिकायला. बाकावर बसलो. शेजारी मिशी न फुटलेली पोरं. तेही सांगून टाकलं, आता पुढे चला.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी डबा खाताना मी जानकीला विचारलं, "एवढी लाथ कुठे शिकलीस गं? नारळ पडला."

"घरी. तुमीच म्हनालात, सराव कर."

"कशावर केलास?"

"कुडावर. रातीला जेवणं झाली की परसात जाऊन कुडावर लाथा. डाव्या पायाच्या, दोन. मंग कुडाला नमस्कार. परत दोन."

"मग?"

"मंग काय! नवरात्र ना, मामा. सासूनं बघितलं. म्हनली, हिच्या अंगात आलं. सासऱ्यानं भगत आनला. भगत म्हनला, लाथा मारती आन् पाया बी पडती, म्हंजी दोन देव भांडत हायत आत. कोंबडा लागंल."

"दिला?"

"दिला. लाल. सासूनं पिल्लापासून वाढवलेला. आता ती माज्याशी बोलत नाय. म्हनती, तुज्या कारखान्याच्या लाथेनं माजा कोंबडा खाल्ला."

मी डबा बंद केला.

त्याच आठवड्यात मनोरच्या बाजारात गेलो. लाल कोंबडा घेतला, तुरेवाला. एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो, कंडक्टरचं ऐकून घेतलं, पुढे पाऊण तास चालत पाडा गाठला. जानकी कामावर होती. मी मुद्दामच तशी वेळ निवडली होती. सासू ओसरीवर भात पाखडत होती. मी कोंबडा पुढे केला.

तिने सूप खाली ठेवलं. कोंबडा घेतला, पंख उचलून बघितला, छाती चाचपली, हातात तोलला.

"तुमीच काय ते लाथवाले मामा?"

"हो."

"माजा याच्यापक्षी जड व्हता."

कोंबडा घेऊन परत आलो. पुढच्या बाजाराला त्याच्याहून जड बघून घेतला. परत एस.टी., परत पाऊण तास. तिने तोलला, डालग्याखाली ठेवला आणि मान डोलावली.